सडक्या सालीचा वास

सखाराम गेल्याची तार आली, तेव्हा मी अकोल्याच्या जुन्या शहरातल्या माझ्या खोलीत कुणाच्याशा पुस्तकाला 'दोन शब्द' लिहीत होतो. त्या दोन शब्दांनी केव्हाच चार पानं खाल्ली होती. तार वाचली, मग ती पानं वाचली आणि शिसारी आली... ही शिसारीसुद्धा सखारामचीच देणगी.

मोर्शीच्या संत्रेवाल्या माळ्याचा हा मुलगा अमरावतीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा. गावाकडची झाडं का मरतात, यावर त्यानं निबंध लिहिला आणि माझ्याकडे आला. "पंडित, मले झाडं समजतात, तुले भाषा. प्रस्तावना तू लिव." मी संस्कृतचा मास्तर, मला असा चेव आला की विचारू नका! ऋषींच्या आश्रमातून निघालो, वाटेत निसर्गदेवतेला सुवर्णफळांचे दागिने घातले. अमरावतीच्या परिषदेत सखाराम ते सगळं इमानानं वाचत गेला आणि मोर्शीची वेस दिसायच्या आत अध्यक्षांनी घंटा वाजवली. वेळ संपली! रोगावरचा उपाय ऐकायला आलेले बागवाले उठले. एक जण जाता जाता मला म्हणाला, "पोथी बेस झाली मास्तर, पण परसाद कावून नाई वाटला?"

बाहेर आल्यावर सखारामनं पिशवीतून रोगट झाडाची साल काढली आणि माझ्या नाकाशी धरली. आंबूस, कुजका, चिकट वास... मला ओकारी आली. "आला ना वास? हे पयल्या वाक्यात पायजे होतं! झाडं मरून राह्यली, अन् तू आश्रमात बसून राह्यला." तिथंच पायरीवर बसून त्यानं लिहिलं: 'आळ्यातलं पाणी खोडाला भिडतं, म्हणून मोर्शीची संत्र्याची झाडं बुंध्याशी सडतात, ते कसं थांबवावं, एवढंच इथं सांगतो.' झाली प्रस्तावना. पण ऐकणारे निघून गेले होते आणि निबंध तसाच पडून राहिला.

शोकसभेत त्याच अध्यक्षांनी जीवनाच्या क्षणभंगुरतेपासून सुरुवात केली. ते खाली बसले, तरी सखाराम काय करायचा ते कुणाला कळलं नाही. वर मला म्हणाले, "त्यांचा निबंध आम्ही छापतोय. तुमची ती प्रस्तावना हवीच. काय भाषा हो!"

पुन्हा तोच वास. म्हटलं, "ती नको. त्याचं स्वतःचं एक वाक्य आहे."

"एवढंच? एकदम बुंध्यापासून सुरुवात?"

"रोगही तिथूनच सुरू होतो, साहेब."

निबंध छापखान्यात गेला तो त्याच वाक्यानं सुरू होऊन. वहिनींनी त्याच्या टेबलावरची ती साल मला दिली. आता ती वाळून खडखडीत झाली आहे, वास कधीच उडालाय. तरी परवा हा लेख लिहायला बसलो, 'काळाच्या पडद्याआड' एवढं लिहून झालं आणि साल नाकाशी धरली... मग ते खोडलं आणि लिहिलं, सखाराम गेल्याची तार आली.