भाडेकरूंचं रीडेव्हलपमेंट

बर दुबईतल्या आमच्या चार मजली बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये एके दिवशी नोटीस चिकटली. वर अरबी, खाली इंग्रजी. मालक इमारत पाडून तिथे नवीन काही बांधणार होते आणि भाडेकरूंनी वर्षाच्या आत जागा सोडायची होती. नोटीस वाचून तिसऱ्या मजल्यावरचं केरळचं कुटुंब त्याच संध्याकाळी नवीन घर शोधायला बाहेर पडलं. तळमजल्यावरच्या शिंप्याने मालकाला पोटभर शिव्या घातल्या आणि दुकानाबाहेर सेलची पाटी लावली. आम्ही चार मराठी कुटुंबांनी मात्र पेढे वाटले.

मुंबई-पुण्याच्या माणसाला राहती इमारत पाडणार म्हटलं की आनंदच होतो. तिकडे बिल्डर येतो, गोड बोलतो, मधल्या काळाचं भाडं देतो आणि मग त्याच जागी मोठा फ्लॅट देतो. माझ्या नणंदेला डोंबिवलीत तसा मिळाला आणि तेव्हापासून तिच्याशी मास्टर बेडरूम सोडून दुसऱ्या कशावर बोलताच येत नाही. आता आपली पाळी, असं माझ्या नवऱ्याने जाहीर केलं. आपण इथे भाड्याने राहतो, ही गोष्ट त्या आनंदात बाजूलाच पडली.

रविवारी आमच्या हॉलमध्ये सभा झाली. नवरा अध्यक्ष झाला, कारण खुर्च्या आमच्या होत्या. दुसऱ्या मजल्यावरचे पुण्याचे गृहस्थ सचिव झाले. सभेची सुरुवात मागच्या सभेचा वृत्तांत मंजूर करण्याने करायची असते, आणि मागची सभा झालेलीच नव्हती. सचिवांनी तसा वृत्तांत वाचला आणि आम्ही तो एकमताने मंजूर केला.

मग मुख्य विषय निघाला. नवीन इमारत टॉवर असावी, की खाडीकाठच्या जुन्या वस्तीचं रूप राखून चार मजलीच ठेवावी? ते ठरवायला आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, पण म्हणून काय झालं. सचिव दिवसभर जुमेरा लेक टॉवर्समध्ये पस्तिसाव्या मजल्यावरच्या ऑफिसात बसतात. ते म्हणाले, टॉवरने शहराचा आत्मा जातो. मी टॉवरच्या बाजूने उभी राहिले. मला रोज नळाचं तांबूस पाणी गाळावं लागे आणि सिंकखाली झुरळं होती. आत्म्याचं काय ते मला ठाऊक नव्हतं. मी तसं स्पष्ट बोलले आणि सचिवांच्या बायकोने माझ्याशी महिनाभर अबोला धरला.

शेवटी तोडगा निघाला: चाळीस मजल्यांचा टॉवर, पण खालचे चार मजले जुन्या वळणाचे. मराठी कुटुंबांना पूर्वीच्याच मजल्यावर, पूर्वीच्याच दिशेला, वाढीव क्षेत्रफळाचे फ्लॅट मिळावेत. हा ठराव टाळ्यांच्या गजरात होत असताना आमची मुलगी खोलीतून पाणी प्यायला आली आणि म्हणाली, "बट बाबा, वी आर टेनंट्स. वी डोन्ट ओन एनीथिंग." मग सचिव म्हणाले की तो तांत्रिक मुद्दा आहे, आणि बटाटेवडे आले.

या सगळ्यात पहिल्या मजल्यावरच्या काकू एका कोपऱ्यात बसून होत्या. लग्न होऊन त्या याच घरात आल्या, इथेच मुलाला वाढवलं, इथेच काका गेले. त्यांची बाल्कनी गल्लीपासून इतकी जवळ, की खालून जाणाऱ्याला त्या चहाला थांबवू शकत. मुलगी लहान असताना मी कामावरून येईपर्यंत ती त्या बाल्कनीतच असायची. काकूंनी एकच प्रश्न विचारला, "म्हणजे आपण परत इथेच यायचं ना?" नवऱ्याने अध्यक्षपदाला शोभेल अशा आवाजात सांगितलं, "काकू, तुमचं घर कुठे जात नाही. लिहून ठेवा." काकूंनी लिहून वगैरे काही ठेवलं नाही. त्यांनी विश्वास ठेवला.

पुढच्या रविवारी मालकाचा मॅनेजर आला. मूळचा केरळचा, फार सभ्य माणूस. त्याने तीन वडे खाल्ले आणि प्रत्येक मागणीला मान डोलावून "इन्शाल्ला" म्हटलं. सचिवांनी प्रत्येक मागणीपुढे "मान्य" असं लिहून घेतलं. जाता जाता त्याची नजर बाल्कनीत पापड वाळत घालणाऱ्या काकूंकडे गेली. त्याने विचारून त्यांचा फोटो काढला. काकूंनी पदर सारखा केला आणि हसल्या.

वर्ष संपलं. पाणी तोडलं, मग वीज, आणि पेढे वाटणारे आम्ही टेम्पो शोधत फिरू लागलो. आम्ही अल कुसैसला गेलो. काकूंना मुलाने आपल्या टॉवरमध्ये नेलं. तिथे खिडकी चार बोटं उघडते आणि बाल्कनीत काही वाळत घातलं की सिक्युरिटीचा फोन येतो. काकूंनी आपले खोके उघडलेच नाहीत. सून वैतागली की त्या म्हणत, "अगं, थोड्या दिवसांसाठी कशाला पसारा? रीडेव्हलपमेंट चाललंय." नवऱ्याने त्यांना खरं सांगावं म्हणून मी त्याच्याशी कडाकडा भांडले. तो म्हणाला, बघू. माझ्या नवऱ्याचं बघू म्हणजे मॅनेजरचं इन्शाल्ला.

आणि मग एक दिवस बांधकामाभोवतीच्या पत्र्यावर काकू आल्या. दोन मजले उंच. पापड वाळत घालणाऱ्या, हसणाऱ्या, मागे संध्याकाळचं सोनेरी आकाश. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की जुन्या दुबईचा जिव्हाळा परत येत आहे. म्हणजे टॉवर होणारच नव्हता. पर्यटकांसाठी दुकानं, कॅफे आणि वारा आत घेणारे जुन्या अरबी घरांसारखे मनोरे असलेली नवी कोरी जुनी वस्ती होणार होती. सचिव बिनविरोध जिंकले होते आणि इंटरनॅशनल सिटीत एका खोलीत राहत होते.

आम्ही काकूंना ते बघायला नेलं. मला वाटलं, त्या रडतील. त्या बराच वेळ मान वर करून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बघ, म्हटलं नव्हतं? मला विचारात घेतलंय त्यांनी." मला इतका राग आला की मी गाडीत जाऊन बसले.

दोन-अडीच वर्षांनी मॅनेजरचा फोन आला. फोटो लोकांना फारच आवडला होता. काकू सकाळी दहा ते पाच त्या नव्या बाल्कनीत बसतील का, असं कंपनी विचारत होती. पापड कंपनी देणार. त्याने पगाराचा आकडा सांगितला, नवऱ्याने सवयीने लगेच त्याचे रुपये केले. काकूंना एवढंच कळलं की बोलावणं आलंय.

आम्ही त्यांना घेऊन गेलो. वस्ती जवळजवळ तयार होती. दोन कामगार नव्या भिंतीला तारेच्या ब्रशने घासत होते आणि मुकादम त्यांना झापत होता, भिंत अजून नवीन दिसतेय म्हणून. काकूंनी ठेवणीतली साडी नेसली होती. हातात पिशवी, पिशवीत देव. खोके मुलगा संध्याकाळी आणेल म्हणाल्या. मी नवऱ्याचा दंड धरला, पण तो माझ्याकडे बघेना.

बाल्कनी अगदी तशीच केली होती. तोच कठडा, तीच उंची, कठड्यावर पापडाचं फडकंसुद्धा. काकू बाहेरच्या जिन्याने वर गेल्या, मागून मॅनेजर आणि आम्ही. त्यांनी कठड्यावरून हात फिरवला, खाली वाकून गल्ली पाहिली. त्यांचा चेहरा असा उजळला की मुकादमाचं ओरडणंही थांबलं. मग त्या वळल्या आणि त्यांनी मागचं निळं दार ढकललं. ते हललं नाही. पुन्हा ढकललं.

"अम्मा, वो दरवाजा नहीं है," मॅनेजर हळूच म्हणाला. "पीछे रूम नहीं. ओन्ली बाल्कनी."

दार भिंतीवर नुसतं बसवलेलं होतं. मागे एसीची यंत्रं होती.

काकूंनी पिशवी खुर्चीवर ठेवली नाही. तशीच छातीशी धरून त्यांनी विचारलं, "फिर पाँच बजे मैं कहाँ जाऊँ?"

"घर, अम्मा. पाँच बजे खलास, घर जाने का."

"हो रे बाबा," काकू मराठीतच म्हणाल्या, "तेच विचारतेय. कुठे?"

त्याला कळलं नसावं. त्याने भाषांतरासाठी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. नवरा दाराकडे बघत राहिला.