राहुकाळानंतरचं अपडेट
तापलेल्या सीपीयूमधल्या धुळीचा वास आला की मला मुकुंदवाडीच्या घरातली एक दुपार आठवते. पप्पा हौसेने लोकांच्या जन्मपत्रिका करायचे आणि त्या सगळ्या, सॉफ्टवेअरसकट, जुन्या कॉम्प्युटरमध्ये होत्या. नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचं काम, मी इंग्रजी शाळेतली म्हणून, माझ्याकडे आलं. “राहुकाळ संपू दे, मग दाब बटण,” पप्पा म्हणाले. “अहो, कॉम्प्युटरचं लग्न लावताय का?” आई हसली. स्क्रीनवर प्रश्न आला, फाइल्स आणि प्रोग्रॅम दोन्ही ठेवायचे, नुसत्या फाइल्स, की काहीच नको? “लई विचार करू नको, सगळं ठेव,” पप्पा म्हणाले. त्या सगळ्यात माझीही पत्रिका होती. संध्याकाळी ती लग्नासाठी कन्नड गावातल्या एका मुलाच्या घरी पाठवायची होती. त्या मुलाबद्दल मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही काही बोलले नव्हते. मी सगळं ठेवायचं बटण दाबलं. स्क्रीन बराच वेळ काळी राहिली. ती उजळावी असं मला वाटत होतं का, तेच कळेना. शेवटी सॉफ्टवेअर उघडलं आणि पप्पांनी आधी माझीच पत्रिका काढली. “बघ, काहीच गेलं नाय!” ते आनंदाने म्हणाले. तेव्हा मीही हसले होते, असं आई सांगते. का हसले, ते मला अजून सांगता येत नाही.