पोलंडच्या शिपायांची पत्रावळ

माझे सासरे दुसऱ्या महायुद्धात फौजेबरोबर इटलीला होते. तिथे पडलेल्या पोलंडच्या शिपायांना पुरायला त्यांनी खड्डे खणले होते. "त्यायच्या घरचं कोणीच नव्हतं तिथं," ते म्हणत. आमच्या गावी, कटंगीला परतल्यापासून दर सर्वपित्री अमावस्येला आमच्या पितरांशेजारी त्या शिपायांची एक पत्रावळ ते स्वतः वाढत.

माझ्या लग्नानंतर चौथ्या वर्षी लकव्याने त्यांचा उजवा हात गेला. अमावस्येला ते सकाळपासून न जेवता, रिकाम्या पत्रावळीकडे पाहत बसले होते.

"त्या गोऱ्यांले आपली कढी गोड लागते का?" सासूबाईंनी विचारले.

"भुकेल्याले सारं गोड लागते. पण आता वाढन कोण?"

मी त्यांच्यासमोर कधी बोलत नसे. पदर ओढून दाराआडूनच म्हणाले, "मामाजी, मी वाढीन. दरसाल वाढीन."

"हौ मां! हिले बोलता येते!" सासूबाई हसल्या. "मंग दोन वडे जास्त ठेव. तगडे होते म्हणे ते."

मी पत्रावळ वाढली आणि कावळ्यांसाठी छपराच्या कवेलूंवर नेऊन ठेवली. खाली उतरले तोवर मामाजींनी पाट ओढून घेतला होता.

"आता मलेही वाढ, बाई," ते म्हणाले. "लय भूक लागली."