हिंगोली ते वसमत, लाल माशाबरोबर

लोक लडाखला जाऊन येतात आणि ब्लॉग लिहितात. मी पिशवीतला मासा मांडीवर धरून हिंगोलीहून वसमतला गेलो. साल २००९, मार्च महिना, ऊन भरपूर. कुणाला अशी सहल करायची असेल तर खालची माहिती उपयोगी पडेल, पण शक्यतो करू नका.

मासा माझा नव्हता, दाजींचा होता. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. वसमतच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, एका आडतीवर ते हळदीची पारख करतात. हळकुंड मोडायचं, उन्हात धरायचं आणि आतला रंग बघून माल एक नंबर की दोन नंबर ते सांगायचं. काम एवढंच, पण त्यांनी दोन नंबर म्हटलं की शेतकऱ्याची वर्षाची मेहनत दोन नंबर होते. घरातही त्यांच्या डोळ्यांचा दरारा आहे. ताईने आणलेली साडी आधी अंगणात जाते, दाजी ती उन्हात बघतात, मग कपाटात. तर नव्या बैठकीत, बुद्धमूर्तीच्या शेजारी, लालभडक मासा हवा असं दाजींच्या मनाने घेतलं. टाकी भरून ठेवली आणि मासा यायच्या आधीच रविवारी मोंढ्यातल्या मंडळींना चहाला बोलावूनही टाकलं.

शनिवारी सकाळी मी सेनगावहून जीपने निघालो. जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली म्हणजे किती हे ड्रायव्हर ठरवतो. हिंगोलीच्या स्टँडवर दाजी पांढऱ्या शर्टात उभे होते. पोहे खाल्ले (तिखट बेताचं, शेव सढळ) आणि माशांच्या नव्या दुकानात गेलो. आत अंधार. काचांच्या मागे काळा कागद, वर निळ्या-लाल दिव्यांच्या पट्ट्या, आणि त्याखाली मासे असे काही पेटलेले की दाजी देवळात शिरावं तशी चप्पल दारात काढून आत गेले. दुकानदार म्हणाला, "एलईडी है, नया आया है. इसमें रंग खुलता है." बिचारा खरं तेच सांगत होता. आम्हाला वाटलं, तो माशाचं कौतुक करतोय.

दाजींनी एका गुबगुबीत पॅरट माशावर बोट ठेवलं. मी म्हटलं, दाजी, बाहेर उन्हात नेऊन बघायचा का?

"उन्हात हळद बघतात, पाव्हणे. मासा पाण्यात बघतात."

वीस वर्षं हळकुंडं उन्हात धरणारा माणूस हे म्हणाला. मी हो म्हटलं, कारण बहीण त्यांच्या घरी आहे.

वसमतच्या एसटीत खिडकी मिळाली. रस्ता औंढ्यापर्यंत बरा, पुढे कंबर सांभाळा. औंढ्याला गाडी दहा मिनिटं थांबते, चहा तिथेच घ्या. दाजी खुशीत होते. यंदा उन्हात बसायची तकलीफ राहिली नाही, आडतीच्या मालकांनी शेडमध्ये पांढऱ्याफेक ट्यूब लावल्यात, आता हळद सावलीतच बघून राहिलो, असं सांगत होते. गाडी वळली, खिडकीतून ऊन पिशवीवर पडलं आणि मला मासा दिसला. उकडलेल्या गाजराचा रंग असतो, तो.

शेजारी तांड्यावरची एक म्हातारी बसली होती. तिने वाकून पाहिलं आणि हा आजारी हाय काय, असं विचारलं. दाजी म्हणाले, गाडीच्या हादऱ्याने घाबरलंय, लेकरू बी घाबरलं की पांढरं पडतं. त्यात थोडं खरंही होतं, घाबरलेल्या माशाचा रंग उतरतो. पण घरच्या टाकीत मासा खाऊन-पिऊन मजेत फिरू लागला तरी रंग गाजराचाच राहिला.

संध्याकाळी दाजी जेवले नाहीत. टाकीसमोर बसून म्हणाले, "उद्या लोक म्हणतील, ह्याला मासा कळंना, हळद काय कळती." मला पहिल्यांदा त्यांचं वाईट वाटलं. मोंढ्यातलं त्यांचं सगळं वजन त्या दोन डोळ्यांवर होतं.

म्हणून रविवारी पहिल्या गाडीने मी परत हिंगोलीला. तसलीच एक पट्टी घेतली. दुकानदार "बोला था ना" एवढंच म्हणाला. दुपारपर्यंत वसमत. पडदे ओढले, पट्टी लावली, मासा पुन्हा लालभडक. पाहुणे आले, बशीतून चहा पीत वा वा करू लागले. नजर असावी तर दाजींसारखी, असंही कुणी म्हणालं. दाजींनी मान डोलावली. माझ्याकडे मात्र बघितलं नाही.

कोपऱ्यात मंडळींबरोबर आलेले शिरड शहापूरचे एक शेतकरी बसले होते. आठवड्यापूर्वी दाजींनी त्यांची हळद दोन नंबरात टाकली होती. त्यांनी टाकीकडे पाहिलं, वरच्या पट्टीकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "दाजी, माझी हळद तुमी शेडात बघितली. तिथला दिवा बी असाच हाय का?"

दाजी उठले. मला वाटलं, आता भांडण. त्यांनी पट्टीचं बटण बंद केलं आणि खिडकीचा पडदा सारला. सगळ्या मोंढ्यादेखत मासा गाजरासारखा झाला.

"पोतं हाय का अजून?" दाजींनी विचारलं.

"एक ठिवलंय घरी."

"उद्या घेऊन या. बाहेर बघू."

सोमवारी मी शाळेला दांडी मारून मोंढ्यात थांबलो. दाजींनी शेडबाहेर, भर उन्हात, हळकुंड मोडलं. तुकडा उन्हात फिरवून फिरवून बघितला. मग खाली मान घालून म्हणाले, "एक नंबर. माझी चूक झाली." आडतीच्या मालकांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. आधी विकलेल्या पोत्यांचं काय, हे त्या शेतकऱ्यांनी विचारलं नाही.

सेनगावला परतलो तेव्हा ती पट्टी माझ्या पिशवीत होती. दाजींना ती घरात नको होती. या लेखावरचा लालभडक माशाचा फोटो तिच्याच उजेडातला आहे. उन्हातला लावला असता तर तुम्ही इथवर वाचत आला नसता. ताई फोनवर सांगते, दाजी डोक्यावर टॉवेल टाकून दिवसभर बाहेर बसतात, मान काळी पडलीय. मासा बघायला आता कुणी येत नाही. शिरड शहापूरचे लोक मात्र मोंढ्यात आले की पोतं उतरवण्याआधी विचारतात, दाजी बाहेर बसलेत का?