यंदा चारच पोती

शालूआत्याने यंदा आमच्या घरातल्या एका माणसाचे गहू पाठवले नाहीत.

आज तिचा तेरावा. आता लिहायला हरकत नाही.

शालूआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. बडोद्याजवळ, करजणच्या पुढे दोनशे विघे काळी जमीन तिने चाळीस वर्षं एकटीने केली. गहू, ज्वारी, तूर. आमच्याकडे सगळे पिढीजात ऑफिसवाले, ट्रॅक्टरवर बसली ती हीच.

लाडबीड करणारी आत्या नव्हती. फोनवर 'हं' आणि 'बरं', एवढ्यात संपायचं.

पण तिला उभं पीक कळायचं.

मार्चमध्ये बांधावरून एक चक्कर. एक ओंबी तळहातावर चोळायची, फुंकर मारायची, दाणा दाताखाली धरायचा. "ह्या तुकड्यात तीनशे बारा."

हार्वेस्टर फिरून गेला की तिचे जुने कारभारी रमणभाई पोती मोजायचे. तीनशे बारा.

मोजून झाल्यावर ते तिच्याकडे बघायचे नाहीत.

एका वर्षी ऐन कापणीत अवकाळी पाऊस आला. सगळा गहू आडवा, दाणा काळा पडलेला. मी तिथेच होतो. ती चिखलात उभी राहून म्हणाली, "एकशे चार." रडली वगैरे नाही.

एकशे चारच निघाली.

त्या वर्षीसुद्धा आमचे गहू बडोद्याला आले. बाजारातून विकत घेऊन पाठवले तिने. एप्रिलमध्ये माणशी एक पोतं, वर्षभराचं. पीक येवो न येवो, आमची पोती ती माणसं बघून ठरवायची.

माझ्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी एक पोतं जास्त आलं. आम्ही हसलो. पंधरा दिवसांनी मीनलने डॉक्टरचा रिपोर्ट दाखवला. तोवर तिचं तिलाच माहीत नव्हतं. तनू झाली.

आठ वर्षांपूर्वी एक पोतं कमी आलं. बाबा ठणठणीत होते, रोज तासभर चालायचे. दिवाळीच्या आधी गेले.

त्यानंतर दर वर्षी पाच. आई, मी, मीनल, तनू. आणि पाचवं पाहुण्यांचं, आल्या-गेल्याचं. असं आम्ही धरून चाललो होतो.

यंदा तिच्या शेतात गहू असा पिकला की गोडाऊन भरलं आणि उरलेली पोती ओसरीत रचली. चाळीस वर्षांत असं पीक नव्हतं. म्हणाली, "ठीक आलंय."

टेम्पो गोत्रीला आमच्या सोसायटीत आला. ड्रायव्हरने चार पोती उतरवली आणि मागचं फळकं लावलं.

"अजून एक असेल."

"ना साहेब. चार ज छे."

आई गॅलरीतून बघत होती. ती आत जाऊन बसली.

मी फोन लावला.

"आत्या, एक पोतं राहिलं."

"राहिलं नाही."

"मग कुणाचं कमी केलंस?"



"घरातल्याच माणसाचं," ती म्हणाली. "गव्हाला एरंडेल नीट चोळा. मागच्या खेपेला कीड लागली होती."

पुढे विचारायची माझी छाती झाली नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं.

मग महिनाभर मी वेड्यासारखा वागलो. आईच्या सगळ्या टेस्ट. मीनलची सोनोग्राफी. माझा कार्डिओग्राम, दोनदा. तनूच्या स्कूटरची चावी लपवली, ती आठवडाभर बोलली नाही.

जेवायला बसलो की तिघींची तोंडं बघायचो. कुणी पोळी नको म्हटलं की मी थर्मामीटर आणायचो.

आई एक दिवस म्हणाली, "माझंच असू दे रे. मी देवाला तसं सांगितलंय."

त्या महिन्यातही आत्या दर गुरुवारी यायची, नेहमीसारखी. मांडवीच्या बाजारात सुतळी-ताडपत्री घ्यायची, आमच्याकडे जेवायची आणि आमच्या घरघंटीत एक डबा पीठ दळून न्यायची. मीनल तिला नेहमी म्हणायची, "न्या हो आत्या, पाहुण्यांच्या वाट्याचंच आहे."

शेवटच्या गुरुवारी ती डबा रिकामाच ठेवून गेली. आम्हाला वाटलं, विसरली.

शनिवारी रमणभाईंचा फोन आला. "भाई, फोईबा गया."

आत्या गेली. दुपारी, कापून झालेल्या शेताकडे तोंड करून, खुर्चीत.

हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. वाटलं, चला, आपल्यातलं कुणी नाही.

शेतावर गेलो तेव्हा नोव्हेंबरच्या पेरणीचं बियाणं वेगळं काढून ठेवलेलं होतं. प्रत्येक पोत्याला चिठ्ठी, कुठल्या तुकड्यात काय. रमणभाईंना तिने एप्रिलमध्येच सांगून ठेवलं होतं, पेरणीला मला विचारायला येऊ नका.

मी म्हटलं, "रमणभाई, आत्याच्या खाण्याचे गहू असतील ते तुम्ही घरी घेऊन जा."



"फोईबांचे गहू इथे कुठे राहतात भाई? ते तर तुमच्याकडेच येतात ने. पाचवी गोणी त्यांची."

मी बांधावर बसलो. मग रडलो.

आज तेराव्याचं पान वाढताना आईने सवयीने पाहुण्यांचं ताट काढलं. आत्याला आम्ही कायम त्यातच वाढायचो. ती कधी काही बोलली नाही. आई ते ताट हातात धरून उभी राहिली, मग परत ठेवलं आणि घरातलं घेतलं.

पुढच्या एप्रिलला टेम्पो येणार नाही. आमच्यातलं कोण जाणार, हे आता आम्हाला चारचौघांसारखं गेल्यावरच कळेल.

आत्या, तुझा पिठाचा डबा आमच्याकडेच आहे. आज गुरुवार. मीनलने तो भरून ठेवलाय.

नीट जा.