हापशापर्यंतची तार

ब्राह्मणपुरीच्या पाटलांच्या घरात दीपमालाला कुणी कधी वाकडा शब्द बोललं नव्हतं. हे ती स्वतःच सगळ्यांना आधी सांगून टाकायची, कारण पुढचं ऐकलं की लोकांचा समज भलताच व्हायचा. लहानपणी तापानं तिचे दोन्ही पाय गेले. तेव्हापासून आईनं तिला तळहाताच्या फोडासारखं जपलं, आणि आई गेल्यावर मोठा भाऊ भूपेंद्र आणि वहिनी रंजिता यांनी. चहा हातात यायचा, ताट पुढ्यात यायचं. फक्त ते कधी यायचं, हे तिला ठरवता येत नव्हतं.

न्हाणीघर अंगणाच्या पलीकडे, पायऱ्या उतरून खाली. तिथं जायचं तर कुणाला तरी हाक मारावी लागे. केळी काढणीच्या दिवसांत घर रिकामं असायचं, म्हणून ती सकाळपासूनच पाणी कमी प्यायची. ओठ सुकायचे, लघवीला जळजळ व्हायची. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वहिनी शेत सोडून घरी बसली असती, आणि ते तिला आणखीच जड गेलं असतं.

चाळिशी ओलांडताना एकदा भूपेंद्र तिला गाडीत बसवून नंदुरबारच्या दिव्यांग मेळाव्याला घेऊन गेला. तिथं बाहेरगावची एक बाई बोलली. चाकाच्या खुर्चीत होती, हातसुद्धा वर उचलत नव्हते. ती म्हणाली, "मला आंघोळ दुसरी बाई घालते. पण कधी घालायची, पाणी कढत की कोमट, हे मी सांगते. मी स्वतंत्र राहते." दीपमालानं ते बोलणं पदरात बांधून घरी आणलं आणि बरेच महिने कुणाला दाखवलं नाही.

मग एका संध्याकाळी भाऊ जेवून हात धूत असताना ती म्हणाली, "भाऊ, मी शहादाले खोली लेसू. एकली ऱ्हासू."

भूपेंद्रच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "आम्हनं काय चुकनं ते तरी सांग."

"काहीच नही चुकनं."

"मंग कसाले जास? लोके म्हनतीन, पाटीलनी बहीनले घरबहार काढी दिन्ही."

"त्यासले सांगजो, ती तिन्हा मनथीन गयी."

रंजिता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "ताई, तुम्ही पडश्यात तर कोन उचली?" हा प्रश्न दीपमालालाही पडला होता. तरी ती गेली.

शहाद्याला तिला सेतू केंद्रात काम मिळालं. लोकांचे अर्ज संगणकावर भरून द्यायचे. खोली तळमजल्यावरची, मागच्या गल्लीत. तिथं तिला मोतीलाल भेटला. मळणी यंत्रात त्याचा एक पाय गेला होता आणि प्रकाशा गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं. त्यानं खोलीच्या दारातला ओटा फोडून उतार केला, न्हाणीत भिंतीला पाइप बसवले, गॅसची शेगडी खाली, तिच्या बसत्या उंचीला आणून दिली. शेगडी आली त्या दिवशी दीपमालानं स्वतःच्या हातानं चहा केला. साखर जास्त झाली. तो तिनं सगळा प्यायला, वर दोन पेले पाणी प्यायली, आणि मग दाराकडे तोंड करून बसून राहिली. गल्लीतून माणसं जात होती. कुणी आत बघत नव्हतं. ब्राह्मणपुरीत याच वेळी वहिनी दिवा लावून तिच्या खोलीत डोकावायची, "ताई, चहा लेतस का?" म्हणायची. तो प्रश्न तिला नकोसा व्हायचा. आता तो कुणी विचारत नव्हतं.

हळूहळू तिच्या खोलीवर रविवारची बैठक भरू लागली. मोतीलाल यायचा. ऐकू न येणारं एक जोडपं यायचं, सारंगखेड्याकडचा एक कुबडीवाला मास्तर यायचा, कधी लेकीला कडेवर घेऊन आलेली आई. एका बँकेच्या दारात पायऱ्याच पायऱ्या होत्या. ही सगळी मंडळी तीनचाक्या, कुबड्या घेऊन त्या पायऱ्यांपुढे बसून राहिली, तेव्हा महिन्याभरात तिथं उतार झाला. कुणाचा दाखला अडला, कुणाचं पेन्शन अडलं, की लोक म्हणायचे, दीपाताईकडे जा. लोक यायचे, काम सांगायचे, काम झालं की जायचे. काम नसताना कुणी आलं नाही. त्यांचंही बरोबर होतं. एवढ्या लांबून नुसतं बसायला कोण येणार?

दिवाळीनंतर मोलगीला दिव्यांगांच्या दाखल्यांचं शिबिर लागलं. अर्ज भरायला दीपमाला जीपनं वर डोंगरात गेली. बाजाराचाच दिवस होता. गर्दीतून एक माणूस आपल्या बहिणीचा हात धरून तिच्यापुढे आला. त्याचं नाव आमशा. बहीण फुलीबाई, पस्तिशीची, तापात डोळे गेलेली, नवरा नसलेली. आमशा आणि त्याची बायको दरवर्षी ऊसतोडीला गुजरातेत जायचे. मागे पाड्यावर म्हातारी माणसं तेवढी राहायची. म्हणून फुलीबाईलाही ते बरोबर न्यायचे, आणि उसाच्या फडाशेजारच्या पालात ती दिवसभर गाठोड्यांजवळ बसून असायची.

"गेल्या साली पालात साप निघाला," आमशा मोडक्या मराठीत म्हणाला. "आता हिला कुठं ठेवू, ताई?"

दीपमालानं फार विचार केला नाही. "माझ्याकडे ठेव. विचार तिला, येते का."

आमशानं त्यांच्या बोलीत विचारलं.  पालापेक्षा बरं असेल, अशा अर्थाची मान फुलीबाईनं हलवली.

गल्लीत लोक म्हणाले, आंधळ्या-पांगळ्याची जोडी जमली. दीपमालाला ते लागलं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडलंही. खोलीत आता दुसऱ्या माणसाचा श्वास होता. तिनं फुलीबाईचा हात धरून सगळं दाखवलं. इथं माठ, इथं न्हाणीचं दार, इथं अंथरूण. वस्तूंच्या जागा ठरवल्या. फुलीबाईनं पहिल्याच दिवशी चाचपडत शेगडीपाशी जाऊन भाकरीचं पीठ शोधलं, तेव्हा दीपमाला ओरडलीच, "हात भाजेल! तू बस, मी करते."

फुलीबाई बसली. मग ती बसूनच राहिली. दीपमाला सकाळी बॅटरीच्या तीनचाकीवर कामाला जाताना तिच्यापुढे जेवण झाकून ठेवायची, संध्याकाळी आल्यावर बोलायचा प्रयत्न करायची. दोघींमध्ये बाजारातली शे-दोनशे मराठी वाक्यं होती, ती लवकर संपली. पाड्याबद्दल विचारलं की फुलीबाई बोलायला लागायची, चार शब्दांत आपल्या बोलीत शिरायची, मग समोरून हुंकार येत नाही हे तिच्या लक्षात यायचं आणि ती थांबायची. एका खोलीत दोघी होत्या, आणि दीपमालाला पूर्वीपेक्षा जास्त एकटं वाटू लागलं. एकटी असताना निदान कुणाला आपलं बोलणं कळत नाही, हे रोज समोर येत नव्हतं.

एका दुपारी वीज गेली, केंद्र लवकर बंद झालं. दीपमाला घरी आली तर खोली उघडी आणि आत कुणी नाही.

तिनं गल्लीत विचारलं. शेजारची शोभाबाई म्हणाली, "ती बाई? ती तर नेहमी जास दुपारले. भितडाले हात लावी लावी जास. आम्हले वाटनं, तुमले ठाऊक शे."

दीपमालानं तीनचाकी वळवली. भाजीबाजार, देऊळ, बंद पडलेलं थिएटर.  वहिनीचा प्रश्न आठवला, कोण उचलणार. शेवटी एसटी स्टँडवर, धडगाव-मोलगीच्या गाड्या लागतात त्या टोकाच्या बाकावर फुलीबाई दिसली. ताठ बसली होती, मान किंचित वाकडी करून. समोरून डोंगरातली माणसं उतरत होती, पोती खाली टाकत होती, एकमेकांना हाका मारत होती. ती त्यांचं बोलणं ऐकत होती.

दीपमाला जवळ गेली. "फुली, मी आहे."

फुलीबाई दचकली नाही. "आज मोलगीची गाडी उशिरा आली," ती म्हणाली.

"तू रोज इथं येतेस?"

"रोज."

"मला सांगितलं का नाहीस?"

फुलीबाईनं लुगड्याचा काठ बोटाभोवती गुंडाळला. "तू म्हणशील, पडशील. तू म्हणशील, बस."

 एक गाडी सुटली, धूर अंगावर आला.  तो विरल्यावर दीपमालानं विचारलं, "तुला पाड्यावर राहायचंय?"

"हो."

"एकटी?"

"एकटी कुठं? शेजारची धनुबाई आहे. म्हातारे आहेत. कोंबड्या आहेत. फक्त पाणी," फुलीबाई म्हणाली. "हापसा खाली आहे. वाट वाकडी. भावजय हात धरून नेते. ती नसली की पाणी नाही. धनुबाईला रोजचा चढ झेपत नाही. मग आमशा म्हणतो, चल आमच्यासंगं."

एवढंच होतं. दीपमाला त्या रविवारी बैठकीत बोलली. कुबडीवाला मास्तर म्हणाला, पाड्यावर नळ मागू, निवेदन देऊ. निवेदन द्यायचं ठरलं. पण मोतीलाल जमिनीकडे बघत विचार करत होता. तो म्हणाला, "नळ येवाले साल जाई, आक्का. तव्हलोंग आपन तार बांधी दिऊ. घरथीन हापसापावत. ती धरी धरी जाई."

नुसत्या तारेनं हात कापला असता. त्यावर घालायला नळी हवी होती. दीपमालानं ब्राह्मणपुरीला फोन लावला. भूपेंद्रनं सगळं ऐकून घेतलं, आणि केळीच्या शेतातल्या ठिबकच्या जुन्या नळ्या स्वतः गाडीत टाकून आणल्या. बहिणीच्या खोलीत तो पहिल्यांदाच आला होता. न्हाणीतले पाइप त्यानं हातानं दाबून पाहिले. "बळकट शेतस," म्हणाला. चहा प्यायला. जाताना दारातल्या उतारावरून एकदा वर-खाली चालून पाहिलं.

तार-नळ्या, मोतीलाल आणि दोघींना घेऊन जीप मोलगीच्या पुढं गेली आणि एका वळणावर थांबली. तिथून पाडा वर, पायवाटेनं. आमशानं फडावरून निरोप पाठवल्यामुळे पाड्यावरचे दोघंतिघं म्हातारे सागाचे खुंट घेऊन खाली आले होते. त्यांनी दीपमालासाठी बांबूला बांधलेली झोळीही आणली होती. आजारी माणसाला खाली आणतात, ती. एक म्हातारा, खात्या नावाचा, हसत म्हणाला, "बस ताई. आम्ही नेतो. तू हलकी."

दीपमालानं त्याच्या खांद्यांकडे पाहिलं. हाडं वर आलेली. नेलंही असतं त्यांनी. "नको, बाबा," ती म्हणाली. "मी इथंच थांबते."

मोतीलाल आपल्या कृत्रिम पायावर काठी टेकत, थांबत थांबत वर गेला. फुलीबाई त्यांच्या पुढं होती. या सरळ, मळलेल्या वाटेवर तिला कुणी हात दिला नाही, आणि तिनं मागितलाही नाही. झाडीत सगळे दिसेनासे झाले. जीपचा ड्रायव्हर सावलीला जाऊन झोपला.

दीपमाला जीपच्या उघड्या दारात बसून राहिली. मोहाची पानं गळायला लागली होती. वरून खुंट ठोकल्याचे आवाज येत होते, आधी दाट, मग विरळ. आपण आखलेलं काम आपल्याला दिसतही नाही, याचं तिला वाईट वाटलं. झोळीला हो म्हटलं असतं तर, असंही वाटलं. पण ते तिचं तिनं ठरवलं होतं, म्हणून ती कुणाला बोल लावू शकत नव्हती.

मग ठोकणं थांबलं. थोड्या वेळानं हापशाचा कर्रकर्र आवाज आला, आणि त्यामागून कुणाचं तरी हसणं. मोकळं, घसा भरून. दुसऱ्या बायकांचे आवाज त्यात मिसळले. दीपमालाला तो आवाज ओळखायला वेळ लागला. फुलीबाई हसत होती. शहाद्याच्या खोलीत इतके दिवस राहून ती असं एकदाही हसली नव्हती.

मोतीलाल खाली आला तेव्हा घामानं निथळत होता. "जमनं, आक्का. हंडा डोकावर लिसनी आपली आपली गयी."

"काही म्हणाली?"

"तुमले वर बलाई ऱ्हायंती."

ते बोलावणं मनात घेऊन दीपमाला परतली. खोलीवर आल्यावर तिनं फुलीबाईचं अंथरूण गुंडाळून फळीवर ठेवलं. माठ, चपला, वाटी यांच्या ठरवलेल्या जागा तिनं बदलल्या नाहीत.

त्यानंतर बैठकीनं आणखी दोन पाड्यांवर तारा बांधल्या, आणि निवेदनाचं उत्तर अजून यायचं आहे. होळीला भूपेंद्र तिला न्यायला आला. ती गेली, दोन दिवस राहिली, वहिनीच्या हातची पुरणपोळी खाल्ली. परत निघताना वहिनी रडली नाही, डबा भरून दिला.

उन्हाळ्यात ती कामासाठी मोलगीला गेली, तेव्हा बाजारात फुलीबाई भेटली. धनुबाईबरोबर आमचूर विकायला बसली होती. आवाज ऐकताच तिनं हात पुढे केला आणि दीपमालाचं मनगट पकडलं. "बस," म्हणाली. दीपमाला जीपमधून उतरवलेल्या तीनचाकीवर बसलेलीच होती, तरी फुलीबाई पुन्हा म्हणाली, "बस."

गिऱ्हाइकं येत होती, पाड्यावरच्या बायका येत होत्या. फुलीबाई सगळ्यांशी भरभरून बोलत होती, भाव करत होती, कुणाला तरी चिडवत होती. दीपमालाला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. आपलं नाव मात्र मधेच कानावर आलं, मग बायकांनी तिच्याकडे पाहिलं. फुलीबाईनं मनगट सोडलं नव्हतं.

"तुझ्याकडे आता कोण?" मधेच तिनं मराठीत विचारलं.

"कोणी नाही."

फुलीबाईनं मान हलवली. काही सुचवलं नाही, समजूतही काढली नाही. पुन्हा गिऱ्हाइकाकडे वळली. ऊन चढत होतं. शहाद्याच्या जीपवाल्यानं हॉर्न दिला. दीपमालानं त्याला हातानं थांब म्हणून खूण केली आणि ती तिथंच बसून राहिली, त्या न कळणाऱ्या बोलण्यात, आपलं मनगट तिच्या हातात ठेवून.