आमच्या नावाचा तिसरा माणूस

माझं कामच संशय घेण्याचं आहे. अबुधाबीजवळच्या मुसफ्फातल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये मी क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. वेल्डिंगचा सांधा वरून गुळगुळीत दिसतोय म्हणून मी सही करत नाही. आत पोकळी नाही ना, हे तपासतो आणि मगच करतो. बायको म्हणते, ही सवय तू संध्याकाळी घरीही घेऊन येतोस.

दोन हिवाळ्यांपूर्वी आमच्या प्लॅनिंगमधल्या बाई मला म्हणाल्या, "काय हो, रास अल खैमात पक्षी दाखवत फिरता आणि आम्हाला सांगतही नाही?"

त्यांनी फोनवर पोस्टर दाखवलं. अबुधाबीपासून अडीच तासांवरच्या त्या शहरातल्या मराठी मंडळाचं होतं. शनिवारी सकाळी खारफुटीत पक्षीनिरीक्षण, 'प्रसिद्ध पक्षीअभ्यासक' यांच्यासोबत, आणि पुढे माझं नाव. आडनावासकट. फोटोत दुर्बीण लावलेला एक पाठमोरा माणूस होता.

माझ्या नावाचे एक नामांकित पक्षीअभ्यासक महाराष्ट्रात आहेत, हे मला माहीत होतं. सत्तरीचे आहेत. कोकणातल्या खाड्यांवरचं त्यांचं पुस्तक माझ्याकडे आहे, तेही नावामुळेच कुणीतरी भेट दिलेलं. आणि खरं सांगायचं तर या नावाचा फायदा मीही एकदा घेतला होता. अबुधाबीतल्या एका दिवाळीच्या कार्यक्रमात आपल्या मुलाकडे राहायला आलेल्या एक आजी ते पुस्तक घेऊन माझ्यापुढे उभ्या राहिल्या. "सही द्या," म्हणाल्या. मी एकदा "तो मी नव्हे" म्हणालो, पण त्यांना नीट ऐकू आलं नसावं. दुसऱ्यांदा मी सांगितलंच नाही. सही केली. नाव माझंच होतं, असं मी स्वतःला समजावलं. पण त्यानंतर बरेच दिवस त्या आजी दिसल्या की मी दुसरीकडे वळायचो.

बहुधा म्हणूनच त्या पोस्टरचा मला जास्त राग आला. मी प्रकाशकांकडून त्या अभ्यासकांचा ईमेल मिळवला आणि विचारलं. चार दिवसांनी उत्तर आलं. 'मी आखातात कधीच आलेलो नाही. माझं नाव कोण वापरतंय ते बघून कळवाल का?'

आता तर जाणं भागच होतं. शनिवारी पहाटे बायको, मुलगी आणि मी खलिफा सिटीतल्या घरून निघालो. बायको गाडीत म्हणाली, "तुला काय पडलंय रे? फुकट पक्षी दाखवतोय बिचारा."

"फुकट का दाखवतोय, हाच तर प्रश्न आहे."

मागून मुलीने विचारलं, "बाबा, सो ही इज द फेक वन?"

"बघू," मी म्हणालो.

खारफुटीच्या कडेला तीस-पस्तीस माणसं जमली होती. मधोमध चाळिशीचा, काटक, उन्हाने रापलेला माणूस उभा होता. पायात कंपनीचे सेफ्टी शूज. मी ते लगेच ओळखले. पुस्तकं लिहिणारा माणूस सेफ्टी शूज घालून पक्षी बघायला येत नाही. मी मागे राहिलो आणि ऐकत राहिलो.

तो चांगलं बोलत होता, हे मान्य करायला हवं. रोहित पक्षी चिखल ढवळतात कसे, हे त्याने स्वतःचा पाय हलवून दाखवलं. पण मग तो गावाकडच्या समुद्री गरुडाबद्दल सांगायला लागला. खाडीच्या तोंडाशी सातविणीचं झाड, त्यावर घरटं, आणि भरतीला होडी कुठे उभी केली की पिल्लं दिसतात ते. हे सगळं मी वाचलेलं होतं. पुस्तक माझ्या पिशवीतच होतं. बाजूला जाऊन पान काढलं. वाक्यं जवळजवळ तीच. सापडला, असं मला वाटलं, आणि सांगायला लाज वाटते, पण बरंही वाटलं.

लोक चहाकडे वळले तेव्हा मी त्याला गाठलं. "तुमचं नाव काय म्हणालात?"

त्याने सांगितलं.

"माझंही तेच आहे."

तो हसला नाही. मला खालपासून वरपर्यंत बघत म्हणाला, "साहेब, आयडी दाखवाल?"

मी चिडलोच. पण कार्ड काढलं, त्यानेही त्याचं काढलं. पहिलं नाव तेच, आडनाव तेच, फक्त मधलं वडिलांचं वेगळं. तो एका सिमेंट फॅक्टरीत मेकॅनिक होता.

"मग पोस्टरवर प्रसिद्ध अभ्यासक कसं?"

"मंडळाच्या मॅडमनी नेटवर नाव टाकलं, जे आलं ते छापलं. मी त्यांना सांगितलं, मी फॅक्टरीत असतो. त्या म्हणाल्या, किती साधे आहात हो तुम्ही."

"पुन्हा सांगायचं."

तो कार्ड पाकिटात ठेवू लागला. दुसऱ्यांदा न सांगणं काय असतं, हे मला चांगलं ठाऊक होतं, पण मी ते दाखवलं नाही. पुस्तक उघडून त्याच्यापुढे धरलं. "आणि हे? हे तर उचललेलंच आहे."

त्याने ते पान उभ्या उभ्या वाचलं, सावकाश, ओठ हलवत. मग म्हणाला, "हे माझ्या बाबांचं बोलणं आहे. हे सर आमच्याकडे आठ दिवस राहिले होते, मी सातवीत होतो. बाबांनीच त्यांना होडीतून नेलं. माझं आणि पाहुण्यांचं नाव एकच, म्हणून आई आठ दिवस मला नावाने हाक मारत नव्हती. बारक्या म्हणायची."

पुस्तकात फक्त 'एका स्थानिक कोळ्याने' एवढंच होतं. मी म्हणालो, असं कुणीही म्हणू शकेल.

"बाबा आता नाहीत. आईला विचारा," तो म्हणाला आणि त्याने तिथेच व्हिडिओ कॉल लावला.

पडद्यावर आधी छत दिसलं, मग एका म्हातारीचं कपाळ. मी नमस्कार केला आणि विचारलं, "आजी, ते पाहुणे राहायला होते, त्यांचं काही आठवतं? पुस्तकात नसलेलं?"

"पुस्तकात काय हाय ते मला काय ठाव?" ती म्हणाली. जरा थांबून मग, "त्यांचा चष्मा पडला व्हता खाडीत. दोन दिस आंधळ्यावानी बसले व्हते पडवीत. मी तिसऱ्यांच्या शिंपल्या काढाय गेले ओहोटीला, तर माज्याच पायाला लागला."

घरी आल्यावर मी अभ्यासकांना सगळं लिहिलं, चष्म्यासकट. मेकॅनिक खरं बोलतोय यावर माझा अजून पुरता विश्वास बसला नव्हता. आई आणि मुलगा एकाच वेळी खोटं बोलू शकतात, हेही मी मनात धरून होतो. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. या वेळी ईमेलचा सूर बदलला होता.

'चष्म्याची गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. तुम्ही नक्की कोण आहात? माझ्या नावाचे दोघे एकाच देशात निघतात आणि दोघांनाही माझ्याबद्दल इतकं ठाऊक असतं, हे मला ठीक वाटत नाही.'

बायको ते वाचून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मी कंपनीच्या आयडीचा फोटो पाठवला. मेकॅनिकच्या आईचा नंबर पाठवला. उत्तर आलं नाही. आठवडा गेला. म्हटलं, खलास, विषय संपला.

मग एका दुपारी मेकॅनिकचा फोन आला. सरांनी आईला फोन केला होता. पहिल्या दोन वेळा तिने अनोळखी नंबर म्हणून उचललाच नाही. तिसऱ्यांदा उचलला आणि आधी विचारलं, चष्मा कुठल्या रंगाचा होता? बरोबर उत्तर आल्यावरच पुढे बोलली. नवऱ्याचं नाव पुस्तकात का नाही, हे तिने विचारलं. पुढच्या आवृत्तीत घालतो, असं सर म्हणाले आणि त्यांनी तिच्याकडून पूर्ण नाव लिहून घेतलं.

"मग आईने त्यांना सांगितलं," तो म्हणाला, "की पान बदलायचंच आहे तर सगळंच बदला. सातवीण वादळात पडली. गरुड आता मोबाईलच्या टॉवरवर असतो, होडीची गरज नाही, एसटीच्या थांब्यावरून दिसतो."

त्या महिन्यात रास अल खैमात पुन्हा फेरी झाली. नव्या पोस्टरवर त्याचं वडिलांसकट पूर्ण नाव होतं आणि खाली 'सिमेंट फॅक्टरीत मेकॅनिक' असं लिहिलं होतं. अकरा माणसं आली. त्यात आम्ही तिघं होतो. त्याने मुलीच्या हातात दुर्बीण दिली आणि खारफुटीपलीकडचा एक करडा ठिपका दाखवून हा कोण, असं विचारलं. तिला सांगता आलं नाही, मलाही नाही. तो म्हणाला, "मलाही नक्की माहीत नाही. जरा थांबू, उडाला की कळेल."